वातावरण ही पार्श्वभूमी नव्हे

कादंबरीच्या घटकांवरील उत्तर कसे लिहायचे, हे मराठीच्या विद्यार्थ्याला पाठ असते. कथानक, पात्रे, संघर्ष, निवेदन, भाषाशैली आणि सर्वांत शेवटी, पुरवणीत जागा उरली तर, ‘वातावरणनिर्मिती’. पाऊस कोसळत असतो, वारा घोंघावत असतो, आभाळ भरून आलेले असते आणि या सर्वांमुळे प्रसंग ‘उठावदार’ होतो. वातावरणाचे काम एवढेच. त्याने पात्रांच्या मागे, नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखे, निमूट उभे राहायचे. ही परिभाषा सोयीची आहे, पण ती परीक्षेपुरती उरलेली नाही. ती आपल्या विचाराची सवय झाली आहे. पृथ्वीभोवतीच्या खऱ्याखुऱ्या वातावरणाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, मग ते अग्रलेख असोत, चर्चासत्रांतील निबंध असोत वा शाळेच्या भिंतीवरची घोषवाक्ये, त्या सर्वांत हाच पडदा टांगलेला दिसतो. आमचे म्हणणे असे, की ही सवय खोटी आहे, ती आता घातक ठरू लागली आहे आणि ती मोडण्याची जबाबदारी विज्ञानशिक्षकांपेक्षा भाषेच्या अध्यापकांवर अधिक आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के अरगॉन असतो. उरलेल्या चिमूटभर भागात कार्बन डायऑक्साइड, निऑन, हेलियम, मिथेन इत्यादी वायू येतात. पाण्याची वाफ स्थळकाळानुसार कमीअधिक होत राहते. विलक्षण गोष्ट अशी, की हवेचा जो ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांनी व्यापला आहे, तो पृथ्वीची ऊब राखण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे. उन्हाने तापलेली जमीन अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. या दोन वायूंचे रेणू तिला सरळ निघून जाऊ देतात. वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे रेणू मात्र ती शोषतात आणि पुन्हा सर्व दिशांना, म्हणजे खाली जमिनीकडेही, सोडतात. हे अल्पसंख्य वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या जवळपास आहे. या ३३ अंशांच्या फरकात आपली शेती, आपली गावे आणि आपले सगळे वाङ्मय मावते. गोठलेल्या पृथ्वीवर जात्यावरची ओवी रचली गेली नसती आणि त्या ओवीवर चर्चासत्रही भरले नसते.

मग ही हवा आली कोठून? आरंभीच्या पृथ्वीवर मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. समुद्रातल्या सूक्ष्म नील-हरित जीवाणूंनी सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडून तो बाहेर टाकायला सुरुवात केली आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. त्या काळच्या ज्या जीवांना ऑक्सिजनची सवय नव्हती, त्यांच्यासाठी तो विषासमान होता. ज्याच्या आधारावर आज आपण जगतो, तो मुळात दुसऱ्या कोणाचा तरी टाकाऊ पदार्थ होय.

की आपला सह्याद्री घ्या. मराठी कवितेने त्याला अचल, कणखर, इतिहासाचा मूक साक्षीदार करून ठेवले आहे. भूविज्ञानातला सह्याद्री इतका मूक नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, तेव्हा त्या उद्रेकांनी कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड प्रचंड प्रमाणात हवेत सोडले. पुढे त्याच काळ्या दगडाची पावसाने झीज होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड लाखो वर्षांच्या संथ गतीने पुन्हा खडकांकडे आणि समुद्राकडे ओढला गेला. डोंगर हवा घडवतो, हवेतून पडणारा पाऊस डोंगर झिजवतो, जीव हवा बदलतात आणि बदललेली हवा जीवांना बदलते. यात पडदा कोणता आणि पात्र कोणते, हे आमच्या घटकनिहाय समीक्षेने सांगावे.

विज्ञानाची नावे निष्पक्ष असतात आणि साहित्यिकांची भाषा तेवढी अलंकृत असते, असा एक समज आहे. वायूंच्या नावांवर नजर टाकली तर तो टिकत नाही. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनज्ञाने अठराव्या शतकात ‘ऑक्सिजन’ हे नाव घडवले ते ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थी; सर्व आम्लांत हा वायू असलाच पाहिजे, असा त्याचा सिद्धान्त होता. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही याने मीठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखवून दिले. सिद्धान्त गेला, नाव राहिले. नायट्रोजनला लाव्हाझिएने दिलेले नाव तर ‘निर्जीव’ या अर्थाचे होते, कारण त्यात कोंडलेला प्राणी जगत नाही. आणि हाच ‘निर्जीव’ वायू प्रत्येक प्रथिनात, प्रत्येक पेशीच्या जनुकद्रव्यात ठाण मांडून बसलेला आहे!

मराठीने आपली वाट काढली. ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हटले. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या परंपरेतून आलेला हा शब्द सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्याने वायूंमध्ये एक नैतिक उतरंड लावून दिली. एक प्राण देणारा, तर दुसरा अर्थातच प्राण घेणारा. शाळेच्या निबंधात कार्बन डायऑक्साइड हटकून ‘विषारी वायू’ होतो. आज हवेत तो ज्या प्रमाणात आहे, त्या प्रमाणात तो विषारी नाही. उलट ज्वारीच्या ताटातला, कणसातला, भाकरीतला कार्बन हवेतल्या याच वायूतून आलेला असतो. प्रश्न वायूच्या स्वभावाचा नसून त्याच्या प्रमाणाचा आहे. शब्दाने मात्र प्रमाणाचा प्रश्न स्वभावाचा करून टाकला. वायू खलनायक ठरला की तो कोणी, कोठे आणि किती सोडला, हे विचारण्याची गरज उरत नाही.

‘हरितगृह’ या शब्दाचीही तीच गत. काचेचे घर उबदार राहते ते मुख्यतः आतली तापलेली हवा वर निसटू शकत नाही म्हणून. वातावरणाची ऊब रेणूंनी किरण शोषण्यातून येते. युरोपातल्या थंड देशांतल्या वाचकाला काचघर निदान परिचयाचे तरी होते. आमच्या विद्यार्थ्याने हरितगृह पाहिले असेल तर ते हायवेलगतच्या शेतातले, ढोबळी मिरचीचे किंवा जरबेराचे, प्लॅस्टिकच्या कापडाचे. त्याला ‘हरित’ या विशेषणातून काहीतरी चांगले सुचते आणि पुढे ‘परिणाम’ हा शब्द आला की तो बुचकळ्यात पडतो. विश्वकोशीय मराठीत ‘पादपगृह’ असाही शब्द आहे. तो तर अर्थ कळण्याआधीच वाचकाला दमवतो.

सर्वांत मोठा घोळ ‘हवामान’ या शब्दाचा. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ‘हवा’ म्हणजे त्या-त्या वेळची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकाळची सरासरी, असा भेद शिकवतात. वर्गाबाहेर पाऊल टाकताच तो संपतो. उद्याच्या पावसाचा अंदाज ‘हवामानाचा’, तो सांगणारे खाते ‘हवामान खाते’ आणि शतकभरातला बदल तोही ‘हवामान बदल’. मग डिसेंबरातल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटे शेकोटीभोवती कोणी तरी म्हणतोच, “कुठे आहे तुमची तापमानवाढ?” हा प्रश्न अज्ञानातून जितका येतो तितकाच शब्दातून येतो. एका शब्दाच्या दोन अर्थांची ही गल्लत सोडवणे हे काम भौतिकशास्त्राचे की भाषेच्या अध्यापकाचे?

या गल्लतींची किंमत कोणी मोजत नाही, असे समजण्याचे कारण नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, देशभरातल्या रुग्णालयांत ऑक्सिजनचा तुटवडा पडला. त्याच दिवसांत मोबाइलवर संदेश फिरत होते: झाडे तोडलीत, आता ऑक्सिजन विकत घ्या, निसर्गाने धडा शिकवला, एक झाड म्हणजे एक सिलिंडर. सुशिक्षितांनी, त्यात साहित्याच्या अध्यापकांनीही, ते भाविकपणे पुढे पाठवले. वस्तुतः रुग्णालयाच्या खिडकीबाहेरच्या हवेत तेव्हाही ऑक्सिजन २१ टक्केच होता. नव्हता तो हवेतून वेगळा काढलेला, द्रवरूप करून टाक्यांत साठवलेला ऑक्सिजन. त्याला लागतात हवा अतिशीत करणारे कारखाने, टँकर, नळ, झडपा, प्रशिक्षित माणसे आणि वेळेवर केलेले नियोजन. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या एका महापालिका रुग्णालयात टाकीची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्यांच्या मृत्यूचा वृक्षतोडीशी काय संबंध? पण ‘प्राणवायू’ म्हटले की झाड आठवते, झाड म्हटले की निसर्ग, निसर्ग म्हटले की कोप, आणि कोप म्हटला की व्यवस्थेला जाब विचारण्याचे कारणच संपते. ‘ऑक्सिजनअभावी मृत्यू’ हा मथळा पाहा. ‘अभावी’ या एका अव्ययाने अख्खी जबाबदारी गिळली.

२०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात वणवे पेटले तेव्हाही हेच घडले. ते अरण्य ‘जगाचे फुफ्फुस’ असून जगाचा २० टक्के ऑक्सिजन पुरवते, असे वाक्य जगभर फिरले. प्रत्यक्षात ते अरण्य जेवढा ऑक्सिजन निर्माण करते जवळजवळ तेवढाच त्यातले श्वसन आणि कुजण्याची क्रिया वापरून टाकते. शिवाय फुफ्फुस ऑक्सिजन देत नाही, घेते. म्हणजे रूपक म्हणूनही ते उलटे. अरण्य वाचवायला हवे ते त्यात साठलेल्या कार्बनसाठी, पावसाच्या चक्रासाठी, असंख्य जीवजातींसाठी आणि तेथे राहणाऱ्या माणसांसाठी. चांगल्या गोष्टीची बाजू चुकीच्या रूपकाने मांडली की विरोधकाचे काम सोपे होते. रूपकाची पारख हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी हे सांगायचे नाही तर कोणी?

सांगण्याऐवजी आपल्या चर्चासत्रांत काय चालते? ‘मराठी साहित्यातील पर्यावरणीय जाणिवा’ या शीर्षकाखाली निबंधामागून निबंध वाचले जातात. कवी निसर्गप्रेमी आहे, मानवाने निसर्गाचा ऱ्हास केला आहे, आपण निसर्गाकडे परतले पाहिजे. या तीन वाक्यांत कोणताही कवी बसतो, म्हणजेच कोणताही कवी वाचावा लागत नाही. शोक करणे सोपे असते, कारण शोकात हिशेब नसतो. आणि ‘मानव’ हा कोण? भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, अमेरिकेत ते १४ टनांच्या आसपास. भारताच्या दोन टनांतही विमानाने फिरणारा आणि ऊसतोडीला बैलगाडीने जाणारा यांचा वाटा सारखा नाही. ‘मानव’ म्हणताच या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभे केले जाते. वर्ग आणि जात यांच्याबाबत इतकी जागरूक झालेली आपली समीक्षा हवेचा विषय निघताच एकाएकी ‘अखिल मानवजाती’ची भाषा बोलू लागते, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

हिशेब मांडता येतो आणि तो मांडला गेला आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे गेली. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण २८० च्या आसपास होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात, की गेल्या आठ लाख वर्षांत, औद्योगिक काळ येईपर्यंत, ते ३०० च्या वर क्वचितच पोचले. हा वाढीव कार्बन कोठला, याचाही माग लागतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि तेलात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतले त्याचे प्रमाण या जुन्या कार्बनच्या मिसळीने पातळ होत असल्याचे हान्स सूस यांनी १९५५ मध्येच दाखवले होते. गुन्हेगाराने मागे सही ठेवावी, तसा हा पुरावा आहे.

या हवेने आपला पाऊसही बदलला आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. बालकवींनी (१८९०–१९१८) श्रावण पाहिला तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ३०० भाग होता. आजचा श्रावण दुसऱ्या हवेतून पडतो. तरीही वर्गात आपण दोन्ही श्रावण एकच समजून ‘निसर्गाचे चिरंतन सौंदर्य’ असे फळ्यावर लिहितो. चिरंतन हे विशेषण इथे वर्णन करीत नाही, ते झाकते.

कोणी म्हणेल, हे सारे विज्ञानाच्या प्रांतातले आहे. साहित्याचा संबंध भावनेशी. आमचे उत्तर असे, की वायूंचे मापन करायला आम्ही कोणालाच सांगत नाही. शब्दांचे मापन करायला सांगतो आहोत, आणि तो प्रांत आपलाच आहे. दुसरा कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांना पंचमहाभूतांतून हे ज्ञात होतेच. पंचमहाभूतांच्या विचाराविषयी पूर्ण आदर राखून सांगावे लागते, की तेथे वायू हे एक मूलतत्त्व आहे आणि आधुनिक रसायनाचा आरंभच मुळी हवा हे एक तत्त्व नाही, ते मिश्रण आहे, या शोधाने झाला. दोन्ही विचार आपापल्या जागी समजून घ्यावेत. एकाचे दुसऱ्यावर कलम करून दोन्हींचे नुकसान करू नये.

तर करायचे काय? नवा अभ्यासक्रम मागण्याची गरज नाही. असलेला नीट वाचला तरी पुरे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आपण ललित म्हणून शिकवतो आणि भाषासौंदर्यावर प्रश्न काढतो. ते महिन्यामागून महिना केलेल्या निरीक्षणाचे पुस्तक आहे, म्हणून ते आपल्या आजच्या चैत्र-वैशाखाशेजारी ठेवून वाचता येते आणि काय बदलले हे विचारता येते. साहित्याच्या इतिहासात युनिस फूट हिची गोष्ट सांगता येते. काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून, ती उन्हात ठेवून, कार्बन डायऑक्साइड सर्वाधिक तापतो हे या अमेरिकन स्त्रीने पाहिले आणि अशा वायूचे वातावरण पृथ्वीला अधिक तापवील, असा निष्कर्ष काढला. १८५६ मध्ये तिचा निबंध सभेत वाचला तो मात्र एका पुरुषाने. पुढे श्रेय गेले १८५९ पासून याच विषयावर अधिक काटेकोर प्रयोग करणाऱ्या जॉन टिंडल यांच्याकडे, आणि तिचे नाव दीडशे वर्षे विस्मरणात गेले. स्त्रियांच्या लेखनाचे काय होते हे शिकवताना याहून बोलके उदाहरण कोणते हवे?

चांगल्या शब्दांनी काय साधते, याचाही दाखला आहे. ओझोनच्या थराला ‘भोक’ पडले, हे वर्णन शास्त्रीयदृष्ट्या सैलच होते; तेथे भोक नव्हते, थर विरळ झाला होता. पुष्कळांनी त्याची तापमानवाढीशी गल्लतही केली आणि आजही करतात. पण त्या चर्चेत एक गोष्ट स्पष्ट होती: भोक पाडणारा कोण. शीतकपाटांत आणि फवाऱ्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुओरोकार्बन रसायने, ती बनवणारे कारखाने, त्यांना परवाने देणारी सरकारे. अंटार्क्टिकावरची विरळता १९८५ मध्ये जाहीर झाली, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, ती रसायने बंद होत गेली आणि थर आता हळूहळू भरून येतो आहे. कर्ता ठाऊक होता, म्हणून क्रिया थांबवता आली.

मराठी व्याकरणात ‘बदलणे’ हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. ‘हवामान बदलले’ हे वाक्य अकर्मक म्हणून वाचले तर हवामान आपोआप बदलले. कर्मणी म्हणून वाचले तर कोणी तरी ते बदलले आणि त्या कोणाचा तरी तृतीयेतला ‘ने’ वाक्यातून गाळला गेला आहे. लिहिताना दोन्ही वाक्ये एकसारखीच दिसतात. अग्रलेख, घोषवाक्ये आणि शोधनिबंध यांना पहिला अर्थ सोयीचा वाटतो. पुढच्या परीक्षेत ‘वातावरणनिर्मिती’वर टीप लिहायला सांगण्याऐवजी एवढेच विचारावे: या वाक्यातील प्रयोग ओळखा आणि गाळलेला शब्द भरा.